लोखंडी घोडा : एका मूकपटाची साधनचिकित्सा

(१)

बखर आणि अस्सल कागद यांतील भेद या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगण्याचें कारण नाहीं. बखर प्रसंगानंतर लिहिली जाते. ती बहुधा कोणाच्या तरी आज्ञेनें किंवा संतोषासाठीं लिहिली जाते. आणि तींत घडलेलें व घडावेंसें वाटलेलें हीं दोन्हीं एकाच शाईनें उतरतात. अस्सल कागद प्रसंगाच्या पोटांतूनच बाहेर पडतो. त्याला गोष्ट सांगावयाची नसते. पैका मागावयाचा असतो, पावती द्यावयाची असते, नाहीं तर तक्रार करावयाची असते. म्हणूनच त्याच्या शब्दावर आपण अधिक भिस्त ठेवितों. प्रस्तुत लेखांत हीच कसोटी एका अगदीं निराळ्या जातीच्या साधनास लावून पाहण्याचें योजिलें आहे. तें साधन म्हणजे ‘दि आयर्न हॉर्स’, अर्थात् ‘लोखंडी घोडा’, या नांवाचा १९२४ सालीं अमेरिकेंत निघालेला मूकपट होय. अमेरिका खंड पूर्व-पश्चिम जोडणारा पहिला लोहमार्ग १८६३ ते १८६९ या काळांत कसा बांधला गेला, हा त्याचा विषय.

चित्रपटाचा आणि साधनचिकित्सेचा संबंध काय, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर असें कीं, हा चित्रपट स्वतःस करमणूक म्हणवून थांबत नाहीं. आपण दाखवितों तो इतिहास तपशिलांत व वातावरणांत सर्वस्वीं खरा आहे, असें तो आरंभींच अक्षरपट्टीवर लिहून सांगतो. पोथीच्या अखेरीस ‘जसें पाहिलें तसें लिहिलें’ अशी ग्वाही देणारा लेखक आपल्या ओळखीचा आहे. त्या ग्वाहीवर आपण किती विसंबतों हेंहि आपणांस ठाऊक आहे. येथें ती ग्वाही पुष्पिकेंत नसून मंगलाचरणांत आहे, इतकाच फरक. प्रामाण्याचा दावा जेथें आहे तेथें प्रामाण्याची तपासणी क्रमप्राप्त होते.

(२)

चित्रपट फॉक्स कंपनीचा असून त्याचें दिग्दर्शन जॉन फोर्ड यानें केलें. फोर्डचा जन्म १८९४ चा. म्हणजे त्या वेळीं तो अवघा तीस वर्षांचा होता. चित्रणाचा मोठा भाग नेव्हाडा संस्थानांतील उघड्या माळावर, हिवाळ्याच्या थंडींत झाला. २८ ऑगस्ट १९२४ रोजीं न्यूयॉर्क येथें त्याचा पहिला खेळ झाला.

कथा थोडक्यांत अशी. इलिनॉय प्रांतांतील स्प्रिंगफील्ड गांवीं जमिनीची मोजणी करणारा एक मनुष्य पश्चिमेकडे जाणाऱ्या लोहमार्गाचें स्वप्न पाहत असतो. गांवांतील लोक त्याला हंसतात; अब्राहम लिंकन नांवाचा एक वकील मात्र हंसत नाहीं. हा मनुष्य आपल्या लहान मुलास घेऊन पश्चिमेस जातो आणि डोंगरांतील एक जवळची खिंड त्याला सांपडते. परंतु त्याच रात्रीं त्याचा खून होतो. मारणारा इंडियनांच्या वेषांतला एक गोरा असतो, व त्याच्या हातास दोनच बोटें असतात. पुढें लिंकन राष्ट्राध्यक्ष होऊन लोहमार्गाच्या कायद्यावर सही करतो. मुलगा डेव्ही ब्रँडन मोठा होऊन त्याच मार्गाच्या कामावर येतो. कंत्राटदाराची कन्या मिरियम मार्श ही त्याची बाळमैत्रीण. मार्ग आपल्याच जमिनींतून जावा म्हणून जवळची खिंड दडविणारा एक धनिक, त्याला फितूर झालेला एक इंजिनियर, इंडियनांचे हल्ले, आयरिश गड्यांचे विनोद, अशीं वळणें घेत कथा युटांतील प्रॉमंटरी येथें पोंचते. दोन्हीं बाजूंचे रूळ जुळतात आणि त्याबरोबर नायक-नायिकाहि. पित्याच्या खुनाचा झाडा त्यापूर्वींच लागलेला असतो.

डेव्ही, मिरियम, दोन बोटांचा खुनी हीं सर्व कल्पित पात्रें आहेत हें उघड आहे आणि त्याबद्दल तक्रार नाहीं. बखरकाराच्या तोंडीं घातलेल्या संवादांप्रमाणें तीं सोडून द्यावीं. तपासावयाचें तें या पात्रांमागें उभें केलेलें चित्र.

(३)

प्रथम पाठाचा प्रश्न. हस्तलिखितांच्या संग्राहकांस विशेष गोडी वाटावी अशी गोष्ट ही कीं, या चित्रपटाच्या दोन वाचना आज उपलब्ध आहेत : एक अमेरिकेंत दाखविलेली, दुसरी इंग्लंड आदि परदेशांसाठीं सिद्ध केलेली. २००७ सालीं दोन्हीं एकत्र प्रसिद्ध झाल्यामुळें त्या ताडून पाहण्याची सोय झाली आहे. दोहोंची लांबी सारखी नाहीं. पुष्कळ ठिकाणीं एकाच प्रसंगाचीं निरनिराळीं चित्रणें वापरलेलीं आहेत. कांहीं पात्रांचीं नांवें बदललेलीं आहेत. अक्षरपट्ट्यांवरील शब्दयोजना वेगळी आहे.

याचें कारण मूकपटांच्या व्यवहारांत आहे. एका निगेटिव्हवरून फार प्रती काढल्या म्हणजे ती झिजे. म्हणून परदेशीं प्रती काढण्यास स्वतंत्र निगेटिव्ह पाठवीत. ही दुसरी निगेटिव्ह पहिलीची नक्कल नसे. शेजारीं ठेवलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्यानें टिपलेलें, किंवा त्याच प्रसंगाचें दुसऱ्या खेपेस घेतलेलें चित्रण जोडून ती तयार होई. तेव्हां येथें मूळ प्रत आणि तिची भ्रष्ट नक्कल असा संबंध नाहीं. महाभारताच्या संपादनांत डॉ. सुखठणकरांनीं उत्तर व दक्षिण या वाचना वेगळ्या ओळखून त्यांच्या मागच्या समान पाठाचा शोध घेतला. येथें मागें जाऊन एक समान पाठ हातीं लागावयाचा नाहीं. दोन्हीं वाचना एकाच कारखान्यांतून, एकाच वर्षीं, समान अधिकारानें निघाल्या. त्यांची खिचडी करून तिसरी ‘शुद्ध’ प्रत बनविणें हा संपादकाचा प्रमाद ठरेल.

सर्वांत बोलका पाठभेद अर्पणपत्रिकेंत आहे. अमेरिकन वाचना लिंकनच्या स्मृतीस, आणि त्याचें स्वप्न सिद्धीस नेणाऱ्या असंख्य इंजिनियरांस व श्रमिकांस अर्पण केली आहे. परदेशी वाचना इंग्लंडचा लोहमार्ग-प्रवर्तक जॉर्ज स्टीफन्सन याला अर्पण केली आहे. स्टीफन्सन १८४८ मध्यें वारला. अमेरिकेच्या या मार्गाशीं त्याचा प्रत्यक्ष संबंध कांहींच नाहीं. एकाच काव्याच्या दोन पोथ्यांत दोन आश्रयदात्यांची प्रशस्ति आढळली तर आपण काय अनुमान काढितों? पोथी ज्याच्या दरबारीं जावयाची त्याचें नांव आरंभीं आलें, इतकेंच. ‘तपशिलांत सर्वस्वीं खरा’ म्हणविणाऱ्या इतिहासाचा कर्ता कोणास मानावा, हें गिऱ्हाइकाच्या देशावरून ठरलें. ग्वाहीचें मोल येथेंच निम्मे उतरतें.

(४)

दुसरा दावा याहून स्पष्ट आहे. प्रॉमंटरीच्या प्रसंगीं समोरासमोर उभीं असलेलीं दोन एंजिनें १८६९ चींच मूळ एंजिनें आहेत, असें चित्रपट अक्षरपट्टीवर सांगतो. हीं एंजिनें म्हणजे सेंट्रल पॅसिफिक कंपनीचें ‘ज्युपिटर’ आणि युनियन पॅसिफिक कंपनीचें ११९ क्रमांकाचें. हा दावा खोटा आहे. क्रमांक ११९ हें १९०३ सालीं मोडींत निघालें होतें, आणि ‘ज्युपिटर’हि १९१० पूर्वींच भंगारांत गेलें होतें. म्हणजे चित्रण झालें त्या वेळीं दोहोंपैकीं एकहि अस्तित्वांत नव्हतें. आज प्रॉमंटरी येथें जीं दोन एंजिनें यात्रेकरूंस दाखवितात तीं १९७९ सालीं नव्यानें घडविलेल्या प्रतिकृति आहेत. परंतु तेथें त्यांना प्रतिकृतिच म्हणतात.

या एंजिनांची खरी हकीकत कल्पित कथेहून अधिक रोचक आहे. समारंभासाठीं दोहोंपैकीं एकाचीहि योजना नव्हती. सेंट्रल पॅसिफिकचा अध्यक्ष लेलंड स्टॅनफर्ड याची गाडी ‘अँटेलोप’ नांवाचें एंजिन ओढीत होतें. वाटेंत डोंगरावरून सोडलेला एक ओंडका आदळून तें निकामी झालें, आणि ‘ज्युपिटर’ जोडावें लागलें. पलीकडून युनियन पॅसिफिकचा उपाध्यक्ष थॉमस ड्युरंट येत होता. पुरानें कमकुवत झालेल्या पुलावर त्याचें एंजिन घालणें धोक्याचें वाटल्यानें डबे तेवढे पलीकडे लोटले व पुढें ११९ जोडलें. एकाचें धुराडें फुग्यासारखें रुंद, कारण तें लांकडावर चाले. दुसऱ्याचें सरळ, कारण तें कोळशावर चाले. अपघातानें आलेलीं हीं दोन यंत्रें छायाचित्रांत सांपडलीं आणि पूज्य झालीं. पूज्य वस्तु नष्ट झाली म्हणजे तिच्या नांवानें दुसरी उभी राहते, हा अनुभव देवळांच्या आणि तलवारींच्या बाबतींत आपणांसहि आहे.

(५)

आतां प्रत्यक्ष समारंभाच्या साधनांकडे वळूं. तीं चार प्रकारचीं आहेत : कोरीव लेख, तार, छायाचित्र आणि रंगीत चित्र. त्यांचा परस्परांशीं विरोध कसा येतो तें पाहण्यासारखें आहे.

कोरीव लेख म्हणजे सोन्याचा खिळा. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या डेव्हिड ह्यूझ नांवाच्या व्यापाऱ्यानें तो करवून घेतला. तो आज स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संग्रहांत आहे. त्यावर कार्यारंभाची तारीख ८ जानेवारी १८६३ आणि समाप्तीची तारीख ८ मे १८६९ अशी कोरलेली आहे. परंतु मार्ग पुरा झाला तो १० मे १८६९ रोजीं, याविषयीं यत्किंचितहि शंका नाहीं. त्या दिवशीं दुपारीं तारायंत्रावरून ‘झालें’ या अर्थाचा एकच शब्द देशभर गेला. म्हणजे समकालीन, धातूवर कोरलेला, मूळ स्थितींत राहिलेला लेख दोन दिवसांनीं चुकलेला आहे. आणि क्षणांत विरून जाणारी तार खरी आहे. कारण सोपें आहे. खिळा आधीं घडविला होता. त्यावर कोरली ती ठरलेली तारीख, घडलेली नव्हे. ताम्रपटावरील तिथि दानाची कीं कोरण्याची, हा वाद आपण नेहमीं घालतों. येथें तिसराच प्रकार आहे : तिथि संकल्पाची.

दोन दिवसांचा उशीर कां झाला? एक कारण पावसापुरानें मार्गाची झालेली नासधूस. दुसरें कारण अधिक विचार करण्याजोगें आहे. वायोमिंगमधील पीडमाँट येथें शेंकडों मजुरांनीं ड्युरंटची गाडी अडविली. त्यांची मजुरी थकली होती, आणि ती मिळेपर्यंत त्यांनीं त्याला पुढें जाऊं दिलें नाहीं. ड्युरंटनेंच हा प्रकार घडवून आणला असावा असा संशय तेव्हांपासून घेतला जातो. तथापि मजुरी थकलेली होती ही गोष्ट त्यानें खोटी ठरत नाहीं. स्टॅनफर्ड प्रॉमंटरीस वाट पाहत बसला. सॅक्रॅमेंटो आणि सॅन फ्रॅन्सिस्को या शहरांनीं मात्र ठरल्याप्रमाणें ८ तारखेसच उत्सव उरकून घेतला. सुवर्णाक्षरांतली ती चुकीची तारीख म्हणजे, आमच्या मतें, सबंध समारंभावर मजुरांच्या हाताची उमटलेली एकुलती एक खूण आहे.

सोन्याचा खिळा घणानें ठोकला गेला हीहि दंतकथाच. सोनें मऊ, तें घणाखालीं टिकावयाचें नाहीं. कॅलिफोर्नियांतील लॉरेल वृक्षाच्या लांकडाचा एक खास ओंडका केला होता, त्याला आधींच भोकें पाडलेलीं होतीं. सोन्याचे दोन, रुप्याचा एक आणि मिश्र धातूंचा एक असे चार मानाचे खिळे त्यांत नुसते बसविले. मग ते खिळे व तो ओंडका काढून घेऊन साधा ओंडका घातला आणि लोखंडी खिळ्यानें काम पुरें केलें. तो लॉरेलचा ओंडका १९०६ च्या सॅन फ्रॅन्सिस्कोच्या आगींत जळाला. स्थळाचें नांवहि पुष्कळ ग्रंथांत ‘प्रॉमंटरी पॉइंट’ असें चुकलेलें आढळतें. तें टोंक दक्षिणेस बरेंच दूर सरोवरांत शिरलेलें आहे. समारंभ झाला तो ‘प्रॉमंटरी समिट’ या माथ्यावर.

छायाचित्रांपैकीं युनियन पॅसिफिकच्या नोकरींतील अँड्र्यू रसेल यानें घेतलेलें सर्वांत प्रसिद्ध आहे : दोन एंजिनें, मध्यें हस्तांदोलन करणारे दोन इंजिनियर, उंचावलेल्या बाटल्या आणि दाटी करून उभा असलेला जमाव. चित्रपटानें आपला शेवट याच छायाचित्रावरून रचला आहे. रंगीत चित्र थॉमस हिल याचें, १८८१ सालचें. त्यांत थिओडोर ज्यूडा उभा आहे. सिएरा पर्वतांतून मार्ग जाऊं शकतो हें ज्यानें दाखविलें तोच हा इंजिनियर. पण तो २ नोव्हेंबर १८६३ रोजींच वारला होता! सेंट्रल पॅसिफिकचे हंटिंग्टन, हॉपकिन्स व क्रॉकर हे समारंभास नव्हते. चित्रांत तेहि आहेत. दरबाराच्या चित्रांत मानकऱ्यांचीं स्थानें जशीं प्रतिष्ठेवरून ठरतात तसेंच हें. हिलचें चित्र आणि फोर्डचा चित्रपट हीं एका कुळांतलीं साधनें होत. तीं प्रसंगाचीं नव्हेत, प्रसंगाच्या स्मरणाचीं आहेत.

(६)

चित्रपटांत लिंकन कायद्यावर सही करतो तो प्रसंग खरा आहे. ती तारीख १ जुलै १८६२. लोहमार्गांशीं लिंकनचा संबंधहि कल्पित नाहीं. १८५७ मध्यें मिसिसिपी नदीवरील रेल्वेच्या पुलाच्या खटल्यांत तो वकील होता; १८५९ मध्यें कौन्सिल ब्लफ्स येथें ग्रेनव्हिल डॉज या तरुण इंजिनियराची व त्याची भेट झाली होती. हाच डॉज पुढें युनियन पॅसिफिकचा मुख्य इंजिनियर झाला. खिंड सांपडल्याच्या कथेची मुळें डॉजच्या आठवणींत शोधावीं असें आम्हांस वाटतें. १८६५ मध्यें इंडियनांपासून बचाव करून परततांना डोंगराचा सोपा उतार आपणांस अकस्मात् सांपडला, असें तो सांगे. त्याचें निवेदन १९१० सालीं, म्हणजे पंचेचाळीस वर्षांनंतर, छापलें गेलें. तेव्हां चित्रपटाची बखर ही दुसऱ्या बखरीवर उभी आहे.

परंतु कायद्यांतील कलमें चित्रपटांत येत नाहींत, आणि मर्म तेथेंच आहे. सरकारानें कंपन्यांस दर मैलामागें कर्जरोखे द्यावयाचे होते : सपाटीवर १६ हजार डॉलर, दोन पर्वतरांगांमधील उंच मुलुखांत ३२ हजार, डोंगरांत ४८ हजार. शिवाय मार्गाच्या दुतर्फा जमीन. १८६४ च्या दुरुस्तीनें ती दुप्पट झाली. दर मैलागणिक पैसा म्हटल्यावर मैल वाढले यांत नवल तें काय? डोंगरसुद्धां जागचा हलला. सिएराचा पायथा सॅक्रॅमेंटोपासून सुमारें सात मैलांवर, आर्केड क्रीक या ओढ्यापाशीं सुरू होतो, असा निर्वाळा मिळविण्यांत आला, आणि खुद्द लिंकननें तो मान्य केला. तेथें जमीन डोळ्यांस सपाट दिसते. दोन्हीं कंपन्यांनीं तर एकमेकींस ओलांडून समांतर भराव घालण्याचा सपाटा चालविला. अखेर एप्रिल १८६९ मध्यें काँग्रेसनें मीलनाचें स्थान ठरवून दिलें, तेव्हां तें थांबलें.

युनियन पॅसिफिकच्या धुरीणांनीं ‘क्रेदी मोबिलिये’ नांवाची दुसरी कंपनी हातीं धरून आपलेंच काम आपणांसच चढ्या दरानें दिलें, आणि तिचे भाग कायदेमंडळाच्या सभासदांस स्वस्तांत वांटले. हें प्रकरण १८७२ मध्यें वर्तमानपत्रांतून फुटलें. चित्रपटांत खलनायक आहे तो कंपनीच्या बाहेरचा एक जमीनदार. लांच घेतो तो एकटा इंजिनियर. दस्तऐवजांत मात्र लोभ संचालकांच्या टेबलाशीं बसलेला आढळतो. चित्रपटानें कांहीं खोटें सांगितलें असें नव्हे. त्यानें दोष बाहेर नेऊन ठेविला.

(७)

याहून मोठी उणीव माणसांची आहे. चित्रपटाची दृष्टि बहुतेक युनियन पॅसिफिकच्या बाजूनें चालते. आयरिश गडी, यादवी युद्धांतून परतलेले शिपाई, त्यांचीं गाणीं व भांडणें यांना त्यांत पुष्कळ जागा आहे. चिनी मजूर क्वचित् आणि घाईघाईनें दिसतात. वस्तुस्थिति अशी कीं, सेंट्रल पॅसिफिकच्या ६९० मैलांच्या मार्गावर ऐन भरांत दहा हजारांहून अधिक चिनी काम करीत होते, आणि मजुरांत त्यांचें प्रमाण शेंकडा नव्वदच्या आसपास होतें. ते बहुतेक दक्षिण चीनमधील ग्वांगडाँग प्रांताचे. सिएराच्या माथ्यावरील १,६५९ फूट लांबीचा बोगदा त्यांनीं कठीण पाषाणांतून फोडला. साध्या दारूनें दिवसाला फूटभरच प्रगति होई. पुढें नायट्रोग्लिसरीन वापरलें. १८६६-६७ च्या हिवाळ्यांत बर्फाच्या कड्याखालीं माणसें गाडलीं गेलीं. जून १८६७ मध्यें हजारों चिनी मजुरांनीं महिना चाळीस डॉलर वेतन व कामाचे कमी तास मागून काम बंद केलें. क्रॉकरनें त्यांचा शिधा तोडला. आठवड्याच्या आंत संप मोडला.

चित्रपटांतहि मजुरी थकल्यामुळें काम थांबल्याचा एक प्रसंग आहे. तेथें नायिका येऊन विनविते, आणि माणसें पुन्हां कामास लागतात. शिधा तोडण्याच्या जागीं विनवणी आली.

आतां कागदांची साक्ष पाहूं. २८ एप्रिल १८६९ रोजीं सेंट्रल पॅसिफिकनें एका दिवसांत दहा मैल व छप्पन्न फूट मार्ग घालून विक्रम केला. त्या दिवशीं रूळ उचलणाऱ्या आठ आयरिश गड्यांचीं नांवें नोंदलेलीं आहेत, आणि आज तीं प्रसिद्ध आहेत. त्याच दिवशीं राबलेल्या चिनी जमावाचीं नांवें नाहींत. कंपनीच्या पगारपत्रकांत चिनी मजुरांची नोंद बहुधा टोळीच्या मुकादमाच्या किंवा त्यांना पुरविणाऱ्याच्या नांवावर आहे. पैसा एकाच्या हातीं, खालीं फक्त संख्या. स्टॅनफर्ड विद्यापीठांत २०१२ पासून विद्वानांनीं अमेरिकेंत व चीनमध्यें कसून शोध केला. त्यांना त्या मजुरांपैकीं एकाच्याहि हातचें पत्र किंवा रोजनिशी मिळाली नाहीं. ज्या स्टॅनफर्डच्या पैशांतून तें विद्यापीठ उभें राहिलें त्याचा खिळा तेथें जपून ठेविला आहे. पैसा ज्यांच्या श्रमाचा त्यांची ओळसुद्धां नाहीं.

मूळच्या रहिवाशांविषयींहि हेंच. चित्रपटांत शायेन लोक हल्ला करतात तो एका गोऱ्या खुन्याच्या चिथावणीनें. म्हणजे त्यांचें युद्धसुद्धां त्यांचें स्वतःचें नव्हे! २९ नोव्हेंबर १८६४ रोजीं सँड क्रीक येथें सैन्यानें शायेन व अरापाहो यांच्या वस्तीवर घाला घालून बायका-मुलांची कत्तल केली. ऑगस्ट १८६७ मध्यें प्लम क्रीकजवळ शायेनांनीं रूळ उखडून आगगाडी पाडली. या दोन घटना शेजारीं ठेविल्या म्हणजे चिथावणीसाठीं दोन बोटांचा मनुष्य शोधावा लागत नाहीं. उलट पॉनी लोक लष्कराच्या नोकरींत राहून त्याच मार्गाचें रक्षण करीत होते. ‘इंडियन’ या एका शब्दाखालीं हे सर्व लपून जातें.

(८)

मग हा चित्रपट टाकून द्यावा काय? आमचें मत तसें नाहीं. बखर ज्या काळाविषयीं बोलते त्या काळासाठीं दुबळी असली, तरी ज्या काळांत लिहिली गेली त्याचें तें अस्सल साधन असतें. हा चित्रपट १८६९ चा दुबळा साक्षी आणि १९२४ चा बळकट साक्षी आहे. त्या वर्षींच्या मे महिन्यांत अमेरिकेनें नवा प्रवेशनिर्बंधाचा कायदा केला. चिनी मजुरांस १८८२ पासूनच मज्जाव होता. आतां जवळजवळ सर्व आशियावासीयांस दार बंद झालें. जूनमध्यें दुसऱ्या कायद्यानें मूळच्या रहिवाशांस त्यांच्याच देशाचें नागरिकत्व मिळालें. ऑगस्टांत हा चित्रपट आला. राष्ट्र कोणीं बांधलें आणि राष्ट्रांत कोण बसणार, हा त्या वर्षींचा जिवंत प्रश्न होता. चित्रपट म्हणजे त्याला मिळालेलें एक उत्तर. २०११ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-सूचींत त्याचा समावेश झाला तो योग्यच होय. फोर्डनें माळावर उभीं केलेलीं माणसें, घोडे व बर्फ यांचें चित्रण आजहि डोळ्यांस धरून ठेवितें. जतन करणें आणि विश्वास ठेवणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत, एवढें विसरूं नये.

स्मरणाची ही रीत चित्रपटाबरोबर संपली नाहीं. १९६९ मध्यें शतसांवत्सरिक उत्सवांत केंद्रीय वाहतूक मंत्र्यानें हिमांत बोगदे खोदणाऱ्या अमेरिकनांचा गौरव केला आणि चिनी मजुरांचा उल्लेखहि केला नाहीं. चिनी वंशाचे नागरिक त्या सभेंत उपस्थित होते. ज्यांना १८६९ मध्यें कायद्यानें अमेरिकन होतां येत नव्हतें, त्यांचें काम अमेरिकनांच्या नांवावर जमा झालें.

(९)

शेवटीं आपल्या घरचा एक विषय. अमेरिकेंत ८ जानेवारी १८६३ रोजीं सॅक्रॅमेंटो येथें पहिली कुदळ पडली. त्याच वर्षीं आपल्याकडे बोरघाटांतील ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा चढ पुरा होऊन गाड्या वर चढूं लागल्या. पंधरा मैलांत १,८३१ फूट चढण आणि पंचवीस बोगदे असें तें काम. १८६१ मध्यें त्यावर चाळीस हजारांहून अधिक माणसें होतीं. तेथेंहि जानेवारी १८५९ मध्यें थकलेल्या मजुरीवरून दंगा झाला आणि पुढें मूळ कंत्राटदारानें काम सोडलें. नंतरचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येतांच वारला, व त्याची पत्नी ॲलिस हिनें कंत्राट तडीस नेलें. इंजिनियर बर्कली, ट्रेडवेल पतिपत्नी यांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत. साथींत व सुरुंगांत मेलेल्या हजारों माणसांपैकीं किती जणांचीं नांवें आपण सांगूं शकूं? जूल व्हर्नच्या कादंबरींतील प्रवासी मुंबईहून याच कंपनीच्या रेल्वेनें निघतो आणि पुढें त्याच पॅसिफिक लोहमार्गानें अमेरिका ओलांडतो. दोन्हीं मार्ग एका काळाचे व एका पद्धतीचे आहेत, आणि दोहोंकडील मौनहि एकाच जातीचें आहे.

तथापि एक भेद आहे. चिनी मजुरांचे कागद शोधून संपले. आमचे अजून नीट शोधलेहि गेले नाहींत. घाटाखालच्या व घाटावरच्या गांवांत मुकादमांचे हजेरीपट, सावकारांच्या वह्या, मजुरीसाठीं केलेले अर्ज, धान्याच्या उधाऱ्या असे कागद जुन्या रुमालांत असण्याचा संभव आहे. ते मोडींत असतात, घाईनें लिहिलेले असतात, त्यांवर शिक्के नसतात. म्हणून सनदा व वतनपत्रें बाहेर काढतांना आपण ते बाजूस सारतों. संग्राहकांस विनंति अशी कीं, रुमाल सोडतील तेव्हां १८५६ ते १८६३ या सालांतील असे कागद वेगळे ठेवावे, त्यांतील नांवें उतरून घ्यावीं आणि मंडळाकडे कळवावें. नांव, गांव, किती दिवस काम, किती पैसे मिळाले आणि किती राहिले, एवढें जरी एका माणसाचें हातीं लागलें, तरी सोन्याच्या खिळ्यावर कोरलेल्या तारखेपेक्षां तें अधिक खरें असेल.